गावात फायबर आली, घरात इंटरनेट नाही: या चुका टाळा

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेली आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाणारी योजना मुळात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर केबल नेण्यासाठी आखलेली होती. तिथून पुढे घर, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र गाठणे हे वेगळे काम आहे. ग्रामपंचायत जोडली गेल्याची नोंद कागदावर झाली की गावच जोडले गेले, असे समजणे ही पहिली चूक आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत एकाच ग्रामपंचायतीत डोंगरउतारांवर विखुरलेले अनेक पाडे असतात आणि ज्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो तो बहुधा त्यांपैकीच एखाद्या पाड्यावर राहतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून मागणीच न नोंदवणे ही चूक मला सर्वांत महागडी वाटते. कोणत्या पाड्यावर किती घरे आहेत, शाळा व अंगणवाडी कुठे आहे, विजेचे खांब कुठवर गेले आहेत, ही माहिती ग्रामसभेच्या ठरावासोबत लेखी दिल्यास मागणीला वजन येते.

दुसरी चूक विजेची. ग्रामपंचायतीतील ओएनटी, म्हणजे फायबरमधील प्रकाशाचे इंटरनेटच्या संकेतांत रूपांतर करणारी पेटी, वीज गेली की बंद पडते. पुढची वायफाय जोडणी तिच्यावर अवलंबून असेल, तर तीही तिच्याबरोबर बंद होते. पश्चिमेच्या तालुक्यांत पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. त्यामुळे ओएनटी आणि राउटर यांना स्वतंत्र छोटी बॅटरी असायलाच हवी. कार्यालयाला कुलूप लावताना मुख्य स्विच बंद करण्याची सवयही सोडावी लागेल. ही यंत्रे वीज फारच थोडी खातात.

रस्तारुंदीकरण आणि पाइपलाइनची खोदाई ही तिसरी अडचण. रस्त्याच्या साइडपट्टीत गाडलेली केबल जेसीबीच्या एका फटक्यात तुटते आणि पर्यायी मार्ग नसेल, तर त्यापुढची सगळी गावे एकदम बंद पडतात. सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणीवर भर आहे तो याचसाठी, कारण एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटाची वाहतूक चालू राहते. खोदाईची सूचना केबलच्या मालकांना आधी मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले आहे. कामाचे पत्र देतानाच ठेकेदाराला त्यावर नोंद करण्याची अट घालावी.

आता घरातल्या बिघाडाकडे वळू. इंटरनेट बंद पडले की बहुतेक जण आधी रीसेटचे बटण दाबतात. तसे केल्याने राउटरमधील सेटिंग पुसली जाण्याची शक्यता असते आणि किरकोळ बिघाडासाठी माणूस बोलवावा लागतो. आधी घरातल्या ओएनटीवरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही, मग राउटरशी झटापट करून उपयोग नाही. खिळ्याभोवती आवळलेली, दारात चेमटलेली किंवा कपाटामागे काटकोनात वळवलेली पिवळी बारीक वायर हे त्याचे नेहमीचे कारण असते. ती मोकळ्या वळणात ठेवावी, तिचे टोक उघडून बोटाने पुसू नये आणि त्यातील प्रकाशाकडे थेट पाहू नये.

दिवे ठीक असूनही वेग कमी असेल, तर लॅपटॉप लॅन केबलने जोडून वेग तपासावा. तिथे वेग पूर्ण मिळाला, तर दोष वायफायचा आहे. ५ गिगाहर्ट्‌झचा बँड वेगवान असला तरी जाड दगडी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, तिथे २.४ गिगाहर्ट्‌झ अधिक उपयोगी पडतो.

दराबाबतही फसगत होते. जाहिरातीतील मासिक रकमेवर १८ टक्के जीएसटी, जोडणी शुल्क आणि पेटीची अनामत धरूनच तुलना करावी. ‘४० एमबीपीएसपर्यंत’ म्हणजे फाइल डाउनलोड होताना सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हे लेखी विचारावे. ज्या कुटुंबांना मासिक जोडणी परवडत नाही, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारही परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. निफाड-लासलगाव पट्ट्यात कांद्याचे बाजारभाव पाहण्यापुरते इंटरनेट हवे असणाऱ्या शेतकऱ्याला अशा वायफायची थोड्या डेटाची छोटी पाकिटे पूर्ण जोडणीपेक्षा स्वस्त पडू शकतात.

तक्रार केवळ लाइनमनच्या मोबाइलवर सांगून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि तिथे पहिल्यांदा हा क्रमांकच विचारला जातो.