ऊन आणि खराब हवा एकत्र आली की: या चुका टाळा

प्रदूषण म्हटलं की आपल्याला दिवाळीचे फटाके नि डिसेंबरचं धुरकट धुकं आठवतं. एप्रिल-मे म्हणजे नुसतं ऊन. पहिली चूक हीच, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. चंद्रपूरकरांना हे सांगायला नको. तिथे पारा ४५च्या वर जातो, जोडीला औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि मोह-तेंदूच्या हंगामात जंगलात लागणाऱ्या (बऱ्याचदा लावलेल्या) आगींचा धूर.

उकाड्यात अंग थंड ठेवायला हृदय त्वचेकडे जास्त रक्त ढकलतं, घामावाटे पाणी जातं, रक्त दाटतं. त्यात पीएम २.५चे, म्हणजे धुरा-धुळीतले डोळ्याला न दिसणारे अतिबारीक कण फुप्फुसात खोल जाऊन रक्तवाहिन्यांना सूज आणतात. म्हणजे भार पडतो तो एकाच हृदयावर. कॅलिफोर्नियातल्या २०१४ ते २०२० या काळातल्या मृत्यूंच्या अभ्यासात फक्त कडक उन्हाच्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्के, तर फक्त खराब हवेच्या दिवशी ५ टक्के वाढलेला दिसला. दोन्ही एकत्र आले त्या दिवशी मात्र २१ टक्के!

आता फिरायला जाणाऱ्यांचं बघू. ‘पाच वाजले, ऊन उतरलं, चला’ हे मे महिन्यात चुकतं. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, थिनर वगैरेंच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन हा फुप्फुसांना त्रास देणारा वायू तयार होतो. तो भर दुपारी चढतो आणि सूर्य कलला तरी लगेच उतरत नाही. आकाश निळंशार असतं, म्हणून संशयही येत नाही. कोरडा खोकला, खोल श्वास घेताना छातीत टोचणं ही त्याची लक्षणं. दमेकऱ्यांची तर धाप वाढते. एन-९५ मास्क कण अडवतो, हा वायू नाही. उन्हाळ्यात फिरायचं तर पहाटेच. हिवाळ्यात मात्र उलटं: पहाटे थंड हवेखाली धूर दबून बसलेला असतो, तेव्हा ऊन चढल्यावर निघावं. बारा महिने एकच वेळ पाळणारी शिस्तीची माणसं इथे फसतात. मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघताना नुसता आकडा बघू नका, तो कशामुळे वाढलाय तेही बघा: कण की ओझोन.

कूलर दारं-खिडक्या बंद करून लावला तर खोलीत दमटपणा कोंडतो आणि घाम वाळेनासा होतो. एक खिडकी उघडी हवीच. पण कूलर हवा ओढतो बाहेरून, आणि त्याच्या ताट्या म्हणजे धुराची गाळणी नव्हे. शेजारी कुणी पालापाचोळा पेटवला असेल तर तेवढा वेळ कूलर आणि खिडकी दोन्ही बंद ठेवा. पंखा लावून अंगावर ओलं फडकं फिरवा. मुंबई-कोकणात कूलरवर पैसे घालवूच नका.

‘३८ अंश म्हणजे काय ऊन झालं?’ असं विदर्भातली माणसं हसून म्हणतात. एप्रिल २०२३मध्ये नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात सोहळा झाला, तेव्हा पारा साधारण तेवढाच होता, आणि उष्माघाताने माणसं दगावली. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, हे नुसत्या तापमानात दिसत नाही.

तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हापासून वाचवतो, सूक्ष्म कणांपासून नाही. खिशातल्या कांद्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी बारानंतर निघू नका. इनहेलर गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळू नका. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारा. स्वतःहून बंद करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उष्माघाताला ताप समजून पॅरासिटामॉल देणं. त्याने हे तापमान उतरत नाही. माणूस असंबद्ध बोलतोय, अंग भाजतंय, तोल जातोय असं दिसलं की १०८ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.