पहिल्या वॉर्ड पोस्टिंगआधी: हात, हातमोजे, सुई आणि सांडलेलं रक्त

वॉर्डात शिरण्याआधी हात कोपरापर्यंत मोकळे करा. घड्याळ, अंगठी, बांगड्या, मनगटातला देवाचा दोरा, सगळं काढून ठेवा. दोऱ्याचा विषय नाजूक आहे, पण एकदा भिजलेला दोरा लवकर वाळत नाही आणि त्याच्याखालची त्वचा नीट धुतली जात नाही. नखं कापलेली असावीत, बाह्या कोपराच्या वर.

हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त किंवा शरीरस्राव हाताळल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. तोंडी परीक्षेत ते सगळ्यांना येतात. वॉर्डात सर्वांत जास्त चुकतात दुसरा आणि पाचवा. पाचव्यात वाटतं, ‘रुग्णाला तर हातच लावला नाही’. पण सलाईनचा स्टँड, पलंगाचा कठडा, पंपाचं बटण यांवर त्याचेच जंतू असतात. दुसऱ्यात चूक क्रमाची होते. हात घासून झाले, मग पडदा ओढला, पलंग वर घेतला, ट्रे सरकवला आणि त्याच हाताने कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) धरला. म्हणून पडदा, पलंग, दिवा, ट्रे, चिकटपट्टीचे तुकडे, सगळी तयारी आधी. हात सर्वांत शेवटी, आणि तिथून थेट प्रक्रियेकडे.

हँडरब (हात चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) तळहाताच्या खळग्यात मावेल इतका घ्या आणि हात आपोआप वाळेपर्यंत, 20 ते 30 सेकंद, चोळा. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहून जातात. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणीच हवं, 40 ते 60 सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबाचा रुग्ण असेल तरीही साबण-पाणी, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. बेसिनजवळ सगळ्यांसाठी टांगलेल्या टॉवेलला हात पुसलेत, तर धुणं वाया गेलं. कागदी टॉवेल वापरा आणि त्यानेच नळ बंद करा.

हातमोजे घातले की हात धुवायला नको, ही समजूत घातक आहे. मोज्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची घाण मनगटाला लागते. मोजे घालून फाइल लिहिणं, फोन उचलणं, दाराची कडी लावणं टाळा. एका रुग्णाला एक जोडी. त्याच रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केल्यावर सलाईनच्या जोडाला हात लावायचा असेल तर मोजे काढा, हात स्वच्छ करा, नवे घाला. मोज्यांवर हँडरब चोळून तेच पुन्हा वापरू नका. काढताना पहिला मोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा करा आणि दुसऱ्या मुठीत घ्या. मग उघड्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तो पहिल्यावर उलटा गुंडाळा. लगेच हात स्वच्छ करा.

सुईला टोपण परत लावू नका. टोचण्याचे कितीतरी प्रसंग नेमके तेव्हाच घडतात. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची. ट्रेमध्ये सोडलेली सुई नंतर आवरणाऱ्या मामा-मावशींच्या हातात घुसते. सुया टाकायचा पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायला सांगा. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, अँटिसेप्टिक ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. रागावतील म्हणून संध्याकाळपर्यंत लपवून ठेवू नका: एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि 28 दिवस घ्यावं लागतं. एचआयव्हीबाधित सुईचा धोका सुमारे 0.3 टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका 6 ते 30 टक्के. म्हणून हिपॅटायटिस बी लसीचे 0, 1 आणि 6 महिन्यांचे तिन्ही डोस पूर्ण करा, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या.

कचऱ्याचे रंग थोडक्यात: रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, रक्ताची पिशवी पिवळ्यात; सलाईनची नळी, प्लास्टिकची बाटली, हातमोजे, सुई वेगळी केलेली सिरिंज लाल पिशवीत; सुया-ब्लेड पांढऱ्यात; काचेच्या बाटल्या निळ्यात. सिरिंजचं कोरं वेष्टन साध्या कचऱ्यात जातं. ते पिवळ्यात टाकलं तर स्वच्छ प्लास्टिक उगाच जाळलं जातं.

रक्त सांडलं तर आधी जागा अडवा, मग जाड मोजे घाला. रक्तावर कागद किंवा कापड पसरून 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) कडेकडून मध्याकडे ओता आणि किमान 10 मिनिटं थांबा. लगेच पुसलं तर घाण फक्त पसरते. काच असेल तर चिमट्याने उचला. कागद पिवळ्या पिशवीत टाका, जागा पुन्हा पुसा. द्रावण 5 टक्क्यांच्या बाटलीतून करायचं असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी. 10 टक्क्यांचं असेल तर एकास नऊ. रोज ताजं करा, डब्यावर तारीख-वेळ लिहा, झाकण लावून उन्हापासून दूर ठेवा. सांडलेल्या लघवीवर मात्र ते थेट ओतू नका, विषारी वायू सुटू शकतो: लघवी आधी टिपून घ्या, फरशी धुवा, मगच हायपोक्लोराइट लावा.