उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका

साताऱ्यात घरच्या शेडमध्ये जुनी जीप किंवा पद्मिनी पुन्हा उभी करत असाल, तर रंग खरवडायचं काम जून लागायच्या आत उरका. ते जमलं नाही तर एवढं तरी पाळा: एका दिवसात जेवढा पत्रा प्रायमरखाली जाईल, तेवढाच उघडा करा. हौसेनं अख्खी बॉडी घासून ठेवली की पावसाळी हवेत सकाळपर्यंत तांबूस झाक येते. बोटांचे ठसे तर सगळ्यात आधी गंजतात, घामात मीठ असतं ना! हातमोजे घालाच.

समजा डावा मडगार्ड घेतला. ८० नंबरच्या पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, तो गंजच असतो; वायर ब्रशनं तो उकरून काढा. मग थिनरच्या फडक्यानं पुसा आणि ओलं असतानाच दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर तेलकटपणा तिथंच परत बसतो. त्यावर टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचा, इपॉक्सी प्रायमर. साधा राखाडी प्रायमर स्वस्त पडतो, पण तो सच्छिद्र असतो; ओल आत जाते आणि वरचा रंग काही महिन्यांत फुगतो. पैसे वाचवायचेच तर सीट कव्हरमध्ये वाचवा, इथे नको.

फवारताना शटर उघडं ठेवा आणि कार्बन फिल्टरचा मास्क लावा, नुसता रुमाल चालत नाही. पुट्टी इपॉक्सी वाळल्यावर भरा, आणि ती कोरडीच घासा. पुट्टी पाणी पिते.