येऊरच्या डोंगरात प्राणिनिरीक्षणाचा दिवस कसा आखावा

ठाणे शहराला अगदी लागून असलेला येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. त्यामुळे निरीक्षणासाठी जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी, ठरलेल्या वाटा सोडू नयेत आणि एकट्याने जाऊ नये. साहित्य फारसे लागत नाही. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, दुर्बीण, पाणी, वही आणि शिसपेन्सिल पुरते; घामाने किंवा दवाने पान ओले झाले की शाई पसरते, म्हणून पेन टाळावे.

उजाडता उजाडता पोहोचावे आणि लगेच चालत सुटण्याऐवजी पाणवठा किंवा फळांनी लगडलेला उंबर नजरेत राहील अशी जागा निवडून निदान अर्धा तास हालचाल न करता बसावे. वारा आपल्याकडून प्राण्यांकडे वाहत असेल तर जागा बदलावी, कारण माणसाचा वास आला की चितळ, सांबर पुढे येतच नाहीत.

वानरांची टोळी दिसली तर दिवसभर तिच्यासोबतच राहणे सर्वांत फलदायी ठरते. दर 10 मिनिटांनी किती वानरे खात आहेत, किती बसून आहेत, किती एकमेकांचे केस साफ करीत आहेत, याची नोंद करावी. त्यांच्या हातून खाली पडणारा पाला खाण्यासाठी चितळे झाडाखाली येतात; वानरांना उंचावरून दूरचे दिसते, चितळांना वास लवकर कळतो, आणि एकाने दिलेल्या इशाऱ्यावर दुसरा सावध होतो. असा इशारा ऐकू आला की वेळ, प्राणी कोणत्या दिशेला पाहत आहेत आणि ओरडणे किती वेळ चालले, हे लिहावे. मात्र प्रत्यक्ष दिसल्याशिवाय ‘बिबट्या’ असे लिहू नये. भेकर तर माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्यासारखे भुंकते. पाहिलेले एका रकान्यात आणि त्यावरून केलेला तर्क दुसऱ्या रकान्यात, ही शिस्त मला दुर्बिणीपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण दोन्हींची सरमिसळ झालेली वही पुढे कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

ओल्या मातीत पंजाचा ठसा आढळल्यास शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात त्या सहसा उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात बहुधा दिसतात. ठसा ताजा वाटला तर माग काढत पुढे जाऊ नये. बिबट्या समोर आलाच, तर पळू नये, खाली वाकू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे.

पक्ष्यांना जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत; विणीच्या दिवसांत त्यामुळे ते घरटे सोडून विनाकारण धावपळ करतात. अंधार पडण्यापूर्वी जंगलाबाहेर पडावे आणि नोंदी त्याच रात्री स्वच्छ अक्षरांत उतरवून काढाव्यात. त्या इतरांना देताना घरट्याचे किंवा बिबट्याच्या वावराचे नेमके ठिकाण वगळावे.