नीलला एक दिवस जाताय? मग या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की लोक मला अंदमानचा प्लॅन व्हॉट्सॲपवर टाकतात, "जरा नजर टाक ना". टाकतो. आणि नील बेटाच्या दिवसात (2018 पासून नाव शहीद द्वीप, पण बोलताना अजून सगळे नीलच म्हणतात) दर वेळी त्याच चुका.

सगळ्यात कॉमन म्हणजे सनसेट. "पाचला चहा घेऊन निघू, सहाला लक्ष्मणपूर बीच." अहो, नील पुण्याच्या साधारण 19 अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे असतो. डिसेंबरात पाचच्या आसपास खेळ खल्लास, आणि मे महिन्यात पण सहाच्या आत. दिवेआगरच्या हिशोबाने गेलात तर मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाळू बघून परत याल. चारला बीचवर टेका, आणि दुपारची झोप पुण्यात काढा, तिथे नको.

दुसरी चूक नॅचरल ब्रिजची (समुद्रकाठची खडकाची नैसर्गिक कमान), आणि ही बघून माझं डोकंच फिरतं. कोथरूडच्या एका ग्रुपबरोबर गेलो होतो, प्लॅन एका रिटायर्ड इंजिनियर काकांचा, म्हणजे एक्सेल आलंच. त्यात अकरा वाजता नॅचरल ब्रिज, का, तर भरतपूर बीच आणि जेवण यांच्यामध्ये तेवढी जागा रिकामी होती. रिक्षावाला बिचारा सांगत होता, "अभी पानी चढ रहा है, तीन बजे के बाद आओ." काका म्हणाले, "यांना दुसरी फेरी मारायची असते, चला." गेले. त्या कमानीपर्यंत जायचं म्हणजे मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून चालायचं, रस्ता वगैरे काही नाही, आणि भरतीत तेच खडक पाण्याखाली जातात, वर शेवाळं. काकू नव्याकोऱ्या कोल्हापुरीत. दहा पावलांत घसरल्या, गुडघा सोलला, फोन पाण्यात, ब्रिज लांबूनच दिसला. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, पुण्यात आल्यावरही ड्रेसिंग चालूच होतं. आम्ही काही जण तीननंतर परत गेलो तर त्याच जागी कोरडे खडक, मधल्या डबक्यांत इवले मासे, आणि गाईड पोरगा बोट दाखवून सी ककंबर (काकडीसारखा दिसणारा समुद्री प्राणी) दाखवतोय, काळं, जाडजूड, ढिम्म हलत नाही.

ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मित्राने मागच्या महिन्यात सांगितलेली वेळ तुमच्या काही कामाची नाही. मी कागदावर आधी ओहोटीची वेळ लिहितो आणि बाकी दिवस तिच्या अवतीभवती बसवतो, ब्रिजला ओहोटीच्या तासभर आधी पोचतो म्हणजे पाणी वळायच्या आत परत येता येतं. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त मागे जातं, जमलं तर तेच दिवस धरा. भरतपूरचं मात्र उलटं, तिथे पोहायला पाणी हवं, पूर्ण ओहोटीला गेलात तर पोटरीभर पाण्यात उभं राहून फोटो काढाल, बस. हे सगळं भरती-ओहोटीच्या ॲपवर दोन मिनिटांत दिसतं, पण ती दोन मिनिटं कोणाला नसतात, रील बघायला मात्र तास असतो.

चप्पल: मागे पट्टा असलेली रबरी सॅंडल. विषय संपला.

सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने परत, असलं करू नका. पाच बीच "कव्हर" होतात, दिसत एकही नाही. एक रात्र राहा, मग सीतापूरचा सूर्योदयही मिळतो, फक्त पाचच्या आधी उठायची तयारी ठेवा.

कॅश ठेवा. नेटवर्क रुसलं की यूपीआय गोल गोल फिरत बसतं आणि शहाळेवाला तुमच्याकडे बघत बसतो.

आणि प्रवाळाचा तुकडा "आठवण म्हणून" खिशात नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ येतं, एअरपोर्टवर बॅग उघडली की "मुलाने उचललं असेल" कोणी ऐकत नाही.