ट्रकच्या २४ व्होल्टवरून १२ व्होल्टचा जुना ट्रॅक्टर चालू करताना

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची कटाई सुरू असली की हा प्रसंग हमखास येतो. ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली, बांधावर माल भरायला ट्रक उभा, आणि कुणीतरी म्हणतं, "थांब भो, ट्रकवरून दोन वायरी देऊ." वायरी द्यायला हरकत नाही. पण ट्रकची लाइन २४ व्होल्टची आणि ट्रॅक्टरची १२ ची, तेव्हा वायर कुठून कुठे द्यायची यावरच सगळं अवलंबून आहे.

सरळ २४ दिले तरी ट्रॅक्टर झटक्यात चालू होतो, आणि म्हणूनच हा उद्योग बंद होत नाही. व्होल्ट दुप्पट झाले की सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) सुरुवातीला करंटही दुप्पट ओढतो, म्हणजे ताकद चौपट. बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक, इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगवर आदळून दाते तुटतात, सोलेनॉइडचे (सेल्फला करंट देणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून सेल्फ फिरतच राहतो, बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरचे डायोड जातात, दिवे चालू असतील तर बल्ब उडतात. सगळ्यात वाईट हाल ट्रॅक्टरच्या स्वतःच्या बॅटरीचे. १२ च्या बॅटरीत २४ घुसले की ती उकळते, हायड्रोजन सुटतो, आणि वायरीचा चिमटा काढताना ठिणगी पडली तर बॅटरी ॲसिडसकट तोंडावर फुटते.

आधी बॅटरी ओळखा. पाण्याची झाकणं मोजा: एका सेलचे साधारण २ व्होल्ट, म्हणून ६ झाकणं म्हणजे १२ व्होल्ट आणि ३ झाकणं म्हणजे ६ व्होल्ट. फार जुन्या ट्रॅक्टरवर ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या सापडतात. तिथे चिमटे जोडीच्या दोन टोकांना लावायचे, एकाच बॅटरीला नाही. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, बॅटरीच्या पोस्टवरची, म्हणजे वायर लावायच्या खुंटावरची, + आणि − ची खूण बघा. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरचं तर प्लस बॉडीला दिलेलं असतं.

मग बॅटरीच्या दोन पोस्टना मल्टिमीटर लावून व्होल्ट बघा. १२.६ दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे आणि दोष दुसरीकडे आहे. १२ च्या खाली असेल तर उतरली आहे. सेल्फ मारताना बॅटरीचं मायनस पोस्ट आणि इंजिनची बॉडी यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थची पट्टी ढिली किंवा गंजलेली आहे. पुष्कळदा रोग इथेच निघतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, सोडा झाकणातून आत जाऊ देऊ नका, क्लॅम्प आवळा, आणि मगच ट्रकवाल्याला हाक मारा.

ट्रकमध्ये १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एका पट्टीने जोडलेल्या असतात. आपल्याला त्यातली एकच हवी. सगळ्यात बिनधोक मार्ग म्हणजे ट्रक बंद, चावी बंद, मास्टर स्विच असेल तर तोही बंद करायचा. आधी चेसिसकडचं मायनस सोडवायचं, मग बाकीच्या जोडण्या, आणि एक बॅटरी दोघांनी उचलून ट्रॅक्टरजवळ आणायची. वेळ जातो, पण चूक व्हायला जागा राहत नाही.

बॅटरी काढणं जमत नसेल, तर ट्रक बंद ठेवूनच जिचं मायनस चेसिसला गेलंय ती बॅटरी निवडा, आणि दोन्ही चिमटे तिच्याच दोन पोस्टना लावा. २४ च्या टोकाकडची दुसरी बॅटरी चुकूनही नको. तिचं मायनस चेसिसपेक्षा १२ व्होल्टने वर असतं, त्यामुळे साखळीने किंवा ट्रॉलीने ट्रॅक्टर ट्रकला टेकलेला असला की सरळ शॉर्ट. म्हणून दोन्ही गाड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. ट्रक नवा, इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तर त्याच्या बॅटऱ्यांना हातच लावू नका. १२ व्होल्टचा दुसरा ट्रॅक्टर किंवा पिकअप शोधा.

केबल तांब्याची, किमान २५ ते ३५ चौरस मिलिमीटर. वेल्डिंगची तांब्याची केबल चालते. घरातल्या फिटिंगची वायर तापून वितळते, कारण ३५-४० एचपीचं डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो.

गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक ओढलेला. बॉडीला मायनस असलेल्या ट्रॅक्टरवर पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा तिच्या मायनसला. काळ्याचं उरलेलं टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाही, तर तिच्यापासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडावर. शेवटची ठिणगी तिथे पडू द्या, गॅसपाशी नको. ५ मिनिटं तसंच राहू द्या, मग सीटवर बसून सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांहून जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. चाकाजवळ उभं राहून सेल्फच्या बोल्टांवर पाना टेकवायची सवय काहींना असते. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच माणसाच्या अंगावरून जातो.

तीन-चार प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही, तर डिझेलमध्ये हवा शिरली आहे का बघा. चालू झाल्यावर चिमटे उलट क्रमाने काढा. आल्टरनेटरवाल्या ट्रॅक्टरचा बॅटरी क्लॅम्प इंजिन चालू असताना सोडू नका. मीटरवर १३.८ ते १४.४ दिसलं म्हणजे चार्जिंग होतंय.

ट्रकचीही काळजी घ्या. त्याची एकच बॅटरी उतरलेली असते. तशीच चालवली तर ती अर्धवट राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. ती वेगळ्या चार्जरवर भरून घ्यायला सांगा.

आपल्या बॅटरीचं पाणी तपासा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पाणी भराभर उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर येईल इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नको. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकली असेल तर एक सेल गेला आहे. मग दुसऱ्या गाडीवरून वायरी लावत बसण्यापेक्षा बॅटरी बदलून टाका.