शेल स्क्रिप्टमध्ये मेनू कसा द्यायचा (टाईप करायला सांगू नका!)

मामांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, तिथल्या उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) पेट्यांची नोंद ठेवायला मी नाशिकहून एक छोटी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांड लिहिलेली फाईल) लिहून दिली होती, त्यात द्राक्षाच्या जातीचं नाव टाईप करायला लागायचं आणि सीझनच्या गर्दीत तीन पोरं तीन स्पेलिंग करायची, मग हिशोबात एकच माल तीन नावांनी दिसायचा. तेव्हापासून मी मेनूच देतो.

बॅश म्हणजे कमांड चालवणारं शेल, त्यात ह्यासाठी सिलेक्ट (select) नावाचा लूप तयारच आहे, कॉर्न शेल ह्या दुसऱ्या शेलमधून आलेला. नंबर तोच टाकतो, उत्तर तोच वाचतो.

आधी स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशचीच (#!/bin/bash) ठेवा आणि चालवतानाही पुढे एसएच (sh) लावू नका. उबंटूत एसएच म्हणजे डॅश नावाचं वेगळं शेल, त्याला सिलेक्ट माहीतच नाही, सरळ सिंटॅक्स एरर येते.

मग पीएस३ (PS3) या व्हेरिएबलमध्ये प्रश्न लिहा, "कोणती जात? नंबर दाबा: " असा. नाही लिहिला तर नुसतं हॅश आणि प्रश्नचिन्ह दिसतं, समोरच्याला काय कळणार त्यातून.

आता पर्याय एका अॅरेमध्ये (यादी ठेवणारं व्हेरिएबल) भरा. व्हेरिएबलचं नाव इंग्रजी अक्षरात, पर्याय मराठीत चालतात. इथे नीट लक्ष द्या, "थॉमसन सीडलेस", "शरद सीडलेस" ही दोन शब्दांची नावं आहेत, म्हणून प्रत्येक नाव अवतरण चिन्हात आणि सिलेक्टच्या ओळीत अख्खा अॅरे पण अवतरण चिन्हात हवा, नाहीतर मेनूत थॉमसन वेगळं, सीडलेस वेगळं असे चार पर्याय येतात. माझे दोन तास ह्यातच गेले होते. शेवटी "बाहेर पडा" हा पर्याय पण टाका.

लूपच्या आत केस (case) लावा, म्हणजे प्रत्येक उत्तरासाठी वेगळी शाखा लिहिता येते. चुकीचा नंबर दाबला तर निवडीचं व्हेरिएबल रिकामं येतं (जे दाबलं ते रिप्लाय, REPLY, या व्हेरिएबलमध्ये मिळतं), तेव्हा रिकाम्यासाठी वेगळी शाखा ठेवून "परत बघा" म्हणा, ब्रेक (break, लूपमधून बाहेर पडणं) करू नका, तो आपोआप पुन्हा विचारतो. बरोबर निवड आली की नोंद तिथेच लिहा आणि मग ब्रेक. नोंद लूपच्या बाहेर ठेवलीत तर कुणी कंट्रोल डी दाबून बाहेर पडला तरी खाली काहीतरी लिहिलं जाईल, ते नको.

कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणायला सांगा, देवनागरी आकडा त्याला कळत नाही. आणि पर्याय आडवे पसरले तर सिलेक्टच्या आधी कॉलम्स (COLUMNS) हे व्हेरिएबल 1 करा, सगळे एकाखाली एक येतात.